ट्रॅमाडॉल आणि मॉर्फिन: घरच्यांसाठी दोन शब्द

कॅन्सरचं दुखणं असलेल्या घरांत ट्रॅमाडॉल आणि मॉर्फिन या दोन्ही गोळ्या ओळखीच्या आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. मॉर्फिन हे शेवटचं औषध नव्हे.

मॉर्फिनचं नाव काढलं की घरची मंडळी बाजूला घेऊन विचारतात, "डॉक्टर, म्हणजे आता काही उरलं नाही का?" चिठ्ठी पिशवीतच राहते, ट्रॅमाडॉलची एक गोळी जास्त दिली जाते, आणि आजी रात्रभर कण्हत राहतात. असं करू नका हो.

शेताच्या बांधाचं बघा. दुखणं म्हणजे पाणी, औषध म्हणजे बांधावरची माती. ओढ्याला पाणी चढलं की आपण बांधावर माती टाकतो. ट्रॅमाडॉलचा बांध ठराविक उंचीपर्यंतच चढतो. मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅम, त्यापुढे नाही. त्यावर आणखी माती टाकाल तर बांधच खचेल, फिटसुद्धा येऊ शकते. आधीपासून फिट येत असेल किंवा उदासीवरच्या गोळ्या चालू असतील तर हा धोका 400 च्या आतही असतो. मॉर्फिनच्या बांधाला अशी ठरलेली उंची नाही. पाणी चढेल तशी डॉक्टर माती वाढवतात. मूत्रपिंडं थकलेली असतील तर मात्र फार जपून, कारण औषध अंगात साचतं.

आणि जोर गोळीच्या नावात नसतो, मात्रेत असतो. 400 मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल म्हणजे तोंडाने घेतलेलं साधारण 40 मिलिग्रॅम मॉर्फिन. म्हणजे थोडं मॉर्फिन हे भरपूर ट्रॅमाडॉलपेक्षा जालीम नसतं. 2016 साली इटलीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम दुखणं असलेले 240 कॅन्सर रुग्ण त्यात होते. ट्रॅमाडॉलसारख्या औषधांपेक्षा कमी मात्रेतल्या मॉर्फिनने जास्त जणांना आराम पडला. पुन्हा सांगतो, मॉर्फिन शेवटचं औषध नव्हे. दुखणं वाढलं तर ते आधीही द्यायचं असतं.

आता घड्याळ. साध्या मॉर्फिनच्या गोळीची माती चार तासांत वाहून जाते. पाणी शेतात शिरल्यावर धावलात तर दुप्पट माती लागते आणि पीकही जातं. म्हणून "दुखलं की देऊ" नाही, चार-चार तासांनी द्यायची. आणि बांधाला सांडवा लागतो तसं पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. मॉर्फिनने शौचाला कडक होतं, मग माणूस गोळीच नको म्हणतो.

सवय लागेल ही भीती? डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही. शरीराला मात्र त्याची सवय होते, म्हणून रेडिएशनने दुखणं ओसरलं तरी गोळी एकदम तोडायची नाही. बांध उतरवायचा तो थराथराने. रुग्ण फार गुंगीत गेला, श्वास मंदावला, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना गाठा. गोळ्या कुलपात ठेवा, शेजाऱ्याच्या कंबरदुखीला देऊ नका.

आता कायद्याचं. 2014 साली अमली पदार्थांचा कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. 2018 पासून ट्रॅमाडॉलही याच कायद्याखाली आहे. तेव्हा ते सौम्य आहे, हवं तेवढं द्यावं, हा समज सोडा.

लहान मुलांच्या दुखण्याविषयी बोलायचं होतं, पण वेळ होत आली. त्यांची मात्रा वजनावर ठरते, एवढंच आज. एक मात्र नक्की करा. मॉर्फिन शेवटचं औषध नव्हे, हे घरात सगळ्यांना सांगा, रुग्णालाही सांगा. आणि डॉक्टरांना विचारा, "पुढची गोळी किती वाजता? मधेच कळ आली तर किती द्यायची?" ही दोन उत्तरं कागदावर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.