मसुदा वाचणारे हवेत



सावित्रीबाईंचे नायगाव ज्या खंडाळा तालुक्यात आहे, तिथे संमेलनाचे अध्यक्षपद मिळणे हा मान आहे आणि जबाबदारीही. म्हणून साहित्याच्या या मांडवात आज मी पर्यावरणाच्या कायद्यांविषयी बोलणार आहे.

आपला तालुका पर्जन्यछायेचा. इथल्या कालव्यांना पाणी येते ते नीरा-देवघर आणि धोम-बलकवडी धरणांतून, म्हणजे भोर-वाईच्या डोंगरांवर पडलेल्या पावसातून. पश्चिम घाटाच्या त्या डोंगरांना कायद्याचे संरक्षण किती, हा प्रश्न म्हणूनच आपल्या बांधापर्यंत येतो.

माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये सबंध पश्चिम घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानायला सांगितले आणि निर्णय ग्रामसभांना विचारून घ्यावेत, असा आग्रह धरला. तो अहवाल लोकांपुढे यायला २०१२ उजाडले, तेही माहिती अधिकारात भांडल्यावर. कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये हे क्षेत्र सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. मार्च २०१४ पासून अधिसूचनेचे नुसते मसुदे निघत राहिले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये दरडी कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. दरम्यान २०२१ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर डोंगर उतरला होता.

कायदा निकामी करायला तो रद्द करावा लागत नाही. लांबवला तरी भागते. दुसरी वाट शिक्षा स्वस्त करण्याची. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आणला. छोट्या भट्टीवाल्याचे यात दिवाळे निघेल. बडा उद्योग ही रक्कम खर्चात धरून कामाला लागेल. तिसरी वाट मागाहून मंजुरीची. आधी काम उरका, मग परवानगी मागा! सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली आणि नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला.

युरोपचे दाखले आपण उठता-बसता देतो. तिथेही हेच चालले आहे. कीटकनाशकांचा वापर निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर मोर्चांनंतर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. जंगलतोडीतून आलेला माल रोखणारा कायदा संमत होऊनही त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली.

शेतकऱ्याचा राग खोटा नसतो. पाटण-जावळीतल्या माणसाला घर बांधता येईल का, शेती करता येईल का, ही धास्ती वाटते, आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार शहरातल्या निसर्गप्रेमींना नाही. पण पश्चिम घाटाच्या मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज, लाल श्रेणीतले उद्योग आणि वीस हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या नव्या बांधकामांवर. शेतीवर नाही. मग शेतकऱ्याला पुढे करून कुणाची खाण वाचवली जाते, हे त्याला कोण सांगणार?

इथे आपला, लिहिणाऱ्यांचा, संबंध येतो. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा आला. जनसुनावणीच्या सूचनेची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणण्याचा त्यात प्रस्ताव होता. तो मसुदा होता इंग्रजी-हिंदीत. आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत तो द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. ज्याच्या रानावर परिणाम होणार, त्याला त्याच्या भाषेत कळवावे यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, हे मराठी लेखकाला लाजिरवाणे वाटले पाहिजे. मराठीला मिळालेल्या अभिजात दर्जाचा आनंद आपण केला, तो योग्यच. आता त्या भाषेत सरकारी मसुदेही वाचले गेले पाहिजेत.

म्हणून या संमेलनाला माझी एकच विनंती आहे. ठरावांची यादी छोटी करा आणि प्रत्येक तालुक्यात लेखक, शिक्षक, वकील, पत्रकारांचा एक गट करा. मसुदा निघाला की आठवड्यात त्याचा सोप्या मराठीत गोषवारा तयार करा, ग्रामसभेत वाचा, आणि साठ दिवसांच्या आत लोकांच्या हरकती पाठवा. कुणी खाण हवी म्हणेल, तर त्याचेही म्हणणे नोंदवा. पण निर्णय लोकांनी समजून घेतलेला असू द्या. ज्योतिराव-सावित्रीबाईंनी अक्षरे शिकवली ती सत्तेला प्रश्न विचारता यावेत म्हणून. लिहिता येणाऱ्यांनी ते काम आता कायद्याच्या कागदावर करायचे आहे.