दंडाची साक्ष

मूल अर्धपोटी वाढते आहे हे पाहताक्षणी ओळखता येते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः या बाबतीत डोळ्यासारखा फसवा साक्षीदार नाही. ज्या वस्तीत बहुतेक मुले हडकुळी, तेथे हडकुळेपणा हाच नियम वाटू लागतो. ‘अंगलोटच बारीक’ म्हणून आईही निश्चिंत राहते. मापाची गरज भासते ती येथे.

वजनकाटा सर्वांच्या परिचयाचा. परंतु केवळ वजनाचा अर्थ लावावयाचा तर वय ठाऊक हवे. दुष्काळात वा निर्वासितांच्या छावणीत जन्मतारीख सांगणार कोण? नायजेरियातील १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धात क्वेकर पंथाच्या मदतपथकाने यावर तोड काढली. उंची मोजण्याच्या काठीवर त्यांनी दंडाच्या घेराचे आकडे लिहिले. आपल्या घेराच्या खुणेहून मूल उंच भरले, की ते कृश ठरे.

पुढे केवळ फितीवरही काम भागू लागले. पहिल्या वर्षापासून पाचव्यापर्यंत निरोगी मुलाचा दंड फार थोडा वाढतो. उपासमारीत मात्र तेथील स्नायू आणि चरबी दोन्ही झडतात. सहा महिने ते पाच वर्षे या वयात घेर ११५ मिलिमीटरहून कमी असल्यास तीव्र कुपोषण, आणि ११५ ते १२५ च्या दरम्यान असल्यास मध्यम, असे आज मानतात. ११० ची जुनी मर्यादा जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ साली ११५ वर आणली. पाच मिलिमीटरांच्या या फरकाने कित्येक मुले उपचाराच्या कक्षेत आली.

तथापि फीतही सर्वज्ञ नव्हे. उंचीच्या मानाने वजन पाहिले असता काही निराळीच मुले कृश ठरतात. पायांवर सूज असलेले मूल तर काट्यावर जड भरते. म्हणून दोन्ही पावले अंगठ्याने दाबून खळगा राहतो का, हेही पाहावे लागते. फीत खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्यावर, सैल सोडलेल्या हातावर बसली पाहिजे. ती ढिली राहिली, तर भुकेले मूल कागदोपत्री सुदृढ ठरते.

शेवटी, मोजण्याने कोणाचे पोट भरत नाही. नोंदवहीतील आकडा हे समाजाने त्या मुलाला दिलेले वचन आहे. अंगणवाडीतील आहार अथवा रुग्णालयातील उपचार वेळेवर त्याच्यापर्यंत पोहोचला, तरच ते पाळले गेले असे म्हणता येईल.