पंखांवरून डासांची ओळख

(भोपाळ येथे शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



थंडीच्या दिवसांत येथील बड्या तलावाच्या काठी दिवेलागणीला चिलटांचे थवे जमतात. ते पाहून फवारणीची मागणी होते. मागणी स्वाभाविक आहे. परंतु तलावकाठच्या अशा थव्यांत पुष्कळदा डासासारखी दिसणारी, पण मुळीच न चावणारी चिलटे असतात. त्यांचा पंख भिंगाखाली धरावा. त्याच्या शिरांवर खवले आढळत नाहीत. डासाच्या पंखाच्या शिरा आणि मागची कड मात्र खवल्यांनी भरलेली असते. या चिलटांना रक्त शोषणारी लांब सोंडही नसते. त्यांच्या अळ्या, ज्यांतील कित्येक रक्तासारख्या लाल असतात, तळ्याच्या गाळात वाढतात आणि माशांचे खाद्य होतात. त्यांच्यावर औषध खर्ची घातल्याने हिवताप तिळभरही कमी होत नाही.

आता खऱ्या डासांकडे वळू. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना हिवतापाचे परोपजीवी डासाच्या जठरात आढळले. त्या डासाची शास्त्रीय जात त्यांना ठाऊक नव्हती. पंखांवर ठिपके असलेला डास, एवढीच त्यांनी त्याची खूण नोंदविली. तीच खूण आजही उपयोगी पडते. आपल्या मैदानी भागातील अॅनोफेलीस डासांच्या पंखाच्या पुढच्या कडेवर काळ्या व फिकट खवल्यांचे ठिपके एकाआड एक दिसतात. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा, हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स डास साध्या, बिनठिपक्याच्या पंखांचा असतो.

पण सारेच ठिपकेवाले डास सारखे धोक्याचे नाहीत. भारतात अॅनोफेलीसच्या सुमारे साठ जाती आहेत आणि हिवतापाचे मुख्य वाहक अवघे सहा. ग्रामीण भागातील प्रमुख वाहक क्युलिसिफेसीज. त्याच्याशी पुष्कळ साम्य असलेला फ्लुव्हिअॅटिलिस हा डोंगरपायथ्याच्या मंद वाहत्या ओढ्यांत वाढतो. या दोघांना वेगळे करणारी एक खूण पंखाच्या तिसऱ्या शिरेवर आहे. ती शीर बहुतांशी काळी असेल तर क्युलिसिफेसीज, बहुतांशी फिकट असेल तर फ्लुव्हिअॅटिलिस. एवढ्याशा शिरेवर पुढची दिशा ठरते. पहिल्यासाठी नदीपात्रातील डबकी, पाटाचे पाझर व विहिरी तपासाव्या लागतात. दुसऱ्यासाठी ओढ्याच्या कडेने चालत जावे लागते. शहरातील स्टेफेन्सी गच्चीवरील टाक्या, हौद व विहिरींत सापडतो. त्याचे पायही ठिपकेदार असतात.

डास भिंतीशी तिरपा बसला की तो अॅनोफेलीस, असे आपण शाळेत शिकवतो. ते सर्वसाधारणपणे खरे आहे. मात्र नेमका क्युलिसिफेसीज पुष्कळदा भिंतीला बराचसा समांतर बसतो. म्हणून पंख पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

हा डास हलक्याने घेण्याजोगा नाही. १९५८ मध्ये राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, प्रारंभी मोठे यशही आले. पुढे डीडीटीला न जुमानणारे डास वाढले, देखरेख ढिली पडली आणि १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

पंखाचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. क्युलिसिफेसीज ही प्रत्यक्षात दिसायला एकसारख्या अशा पाच भगिनी-जातींची मिळून बनलेली आहे. त्यांपैकी 'ब' ही हिवताप फारसा पसरवीत नाही. हा भेद भिंगाला दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत गुणसूत्रांची वा डीएनएची तपासणी करावी लागते.

नमुना घेताना पहाटे गोठ्यात व घरात भिंतीवर बसलेला डास परीक्षानळीत अलगद धरावा. बोटांनी पकडू नये, कारण खवले झडले की ठिपकेही जातात. झुपकेदार शृंगिका असलेला नर बाजूला ठेवून मादीच पाहावी. दहापट मोठे दाखविणारे भिंग पुरते. नंतर डास कोरड्या डबीत मऊ कागदावर ठेवून गाव, तारीख, घर की गोठा आणि जवळचे पाणी कोणते, हे चिठ्ठीवर लिहावे व डबी जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे पाठवावी.