जत्रेतले भजे
(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



मी तहसील कचेरीतला साधा कारकून. भाषणाची सवय नाही. परंतु मंदिराच्या नव्या आराखड्यात जत्रेच्या खाण्याच्या दुकानांची जागा रस्त्याच्या पलीकडे दाखविली आहे, त्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही.

माझी आई बाजारात व जत्रेत भजे तळून विकत असे. 1989 साली आपल्या खापरखेड्याच्या वीज केंद्राचा 210 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. त्या काळी बाजाराच्या दिवशी घाणा उतरायचा अवकाश, की भजे संपत. बाजारात गिऱ्हाईक ओळखीचे आणि उधारीही ओळखीची. जत्रेचे तसे नाही. बेसन व तेल किराणा दुकानातून संध्याकाळच्या बोलीवर उचलायचे, गाडीभाडे द्यायचे, आणि माल उरला तर दुसऱ्या दिवशी त्याला कोणी विचारीत नाही. धापेवाड्याच्या आषाढी यात्रेत एकदा अशी सर आली की चूल विझली आणि भिजवलेले बेसन वाहून गेले. ती उधारी दिवाळीपर्यंत फिटत होती.

अदाशाची गोष्ट निराळी. पौषातल्या चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या पुष्कळांना उपवास असतो. पहिल्या वर्षी आईने कांद्याचे भजे मांडले. लोक वास घेत आणि पुढे जात! पुढच्या वर्षी तिने साबुदाण्याची उसळ आणि उकडलेली रताळी नेली, भांडीसुद्धा वेगळी. दुपारपर्यंत पातेले रिकामे झाले. माझ्या दहावीच्या परीक्षेची फी त्याच पैशातून भरली गेली.

आता, समितीचे म्हणणे खोटे आहे असे नाही. फरशी नवी आहे, तेलाचे डाग जात नाहीत. 2011 च्या ऑगस्टपासून अन्नसुरक्षा कायदा लागू आहे, हातगाडीवाल्यालाही नोंदणी करावी लागते. आम्ही रद्दीत भजे बांधून देत असू. त्या छापील कागदाला 2018 च्या नियमांनी मनाई केली, ते योग्यच झाले. पळसाच्या द्रोणाला मात्र अजून कोणी मना केलेले नाही.

परंतु दर्शन घेऊन निघालेला मनुष्य रस्ता ओलांडून भजे खायला जात नाही. गेलाच, तर कोळशाच्या आणि राखेच्या ट्रकांमधून लेकरांना घेऊन जाणार. दुकान मांडणाऱ्या बायांची मुले दिवसभर तेथेच खेळतात. मीही तसाच खेळलो आहे.

माझी विनंती एवढीच, की कुंपणाच्या आतल्या बाजूला भिंतीलगत दहा हात रुंदीची पट्टी बिनफरशीची सोडावी आणि तेथे एक नळ द्यावा. बाजाराची फी घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला 1958 च्या कायद्याने आहेच. ती घ्यावी, पावती द्यावी. जागेचा लिलाव मात्र करू नये. लिलावात पैसेवाला ठेकेदार सगळी पट्टी घेतो आणि आपल्याच बायांना दुप्पट भाड्याने देतो.

देणगीदारांच्या यादीत अकरा रुपयांची काही नावे शेवटी आहेत. त्यांतली चार भजेवाल्या बायांची आहेत, हे मला ठाऊक आहे.

पट्टी आखायची झाल्यास रविवारी मला सुटी असते. चुना आणि दोरी मी घेऊन येतो.