रिकाम्या गाडीचा धडा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक आहे. आज ज्या विषयावर बोलणार आहे तो कित्येकांना क्षुल्लक वाटेल. ट्रॅक्टरची ट्रॉली विकत घेताना तिचे रिकामे वजन पाहावे, एवढाच तो विषय आहे. परंतु आपल्या ज्ञातीतील पुष्कळ तरुण हल्ली पतसंस्थेचे कर्ज काढून हा व्यवसाय करीत आहेत, आणि त्यांच्या कर्जरोख्यांवर जामीन म्हणून आपणच सह्या करीत असतो. तेव्हा विषय वाटतो तितका क्षुल्लक नाही.

तेल घ्यावयास गेल्यावर दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो, मग तेल ओततो. भांड्याचे वजन कोणी तेलाच्या भावाने घेत नाही. साखर कारखान्याच्या काट्यावरही हीच रीत. भरलेली गाडी एकदा तोलतात, ऊस उतरल्यावर रिकामी पुन्हा तोलतात, आणि वजाबाकी होईल तेवढाच ऊस धरतात. हे आपणा सर्वांस ठाऊक आहे; मात्र गाडी खरेदी करताना नेमके हेच आपण विसरतो.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझ्या पुतण्याने ट्रॉली पाहिली. “काका, पाच टनांची आहे, चांगली दणकट आहे,” असे तो म्हणाला, आणि मी जामिनाची सही केली. पुढे काट्यावर नेली तेव्हा ती रिकामीच 1,900 किलो भरली. नोंदणीच्या कागदावर गाडी व माल मिळून परवानगी होती 6,500 किलोंची. म्हणजे मालासाठी उरले 4,600 किलो. शेजारच्या गावी त्याच किमतीची, तेवढ्याच एकूण वजनाची दुसरी ट्रॉली होती. ती रिकामी 1,500 किलोंची. तीत 5,000 किलो माल नियमाने बसला असता. पुतण्याने नावाच्या भरवशावर पाच टन भरले, वाटेत तपासणी झाली आणि दंड भरावा लागला. तीस वर्षे मुलांना वजाबाकी शिकविणाऱ्या मी ती एक वजाबाकी केली नाही, हा दोष माझा.

400 किलो म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. शंभर खेपांत हा फरक 40 टनांचा होतो. म्हणजे पाच टनांच्या आठ खेपा फुकट गेल्या. शिवाय ते जादा लोखंड जातानाही ओढावे लागते आणि येतानाही. त्याचे डिझेल आपल्याच खिशातून जाते.

मात्र हलकी तेवढी चांगली, असाही अर्थ कोणी घेऊ नये. वजन कोठून आले व कोठून वाचविले, हे विचारणे अगत्याचे आहे. एक चौरस मीटर पोलादी पत्रा एक मिलिमीटर जाडीचा असेल तर सुमारे 7 किलो 850 ग्रॅम भरतो. दहा फूट लांब व सहा फूट रुंद तळाला तीनऐवजी पाच मिलिमीटरचा पत्रा घातला, तर सुमारे 87 किलो वाढतात. दगड, मुरूम वाहणाऱ्यास तो जाड तळ हवाच. नुसता चारा व ऊस वाहणाऱ्यास त्याची तितकी गरज नाही. परंतु वजन जर चॅसीच्या चॅनेलमधून, आसातून किंवा जोडणीच्या हुकातून वाचविले असेल, तर ती काटकसर नव्हे; तो घात होय. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून रेटते, तेव्हा हिशेब पैशांचा राहत नाही, माणसांचा होतो.

वजन करावे कसे? विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये. आधी ट्रॅक्टरसह ट्रॉली तोलावी, मग एकटा ट्रॅक्टर तोलावा आणि वजा करावे. दुचाकी ट्रॉली जोडलेली ठेवून केवळ तिची चाके काट्यावर घेतली, तर तिचा काही भार ट्रॅक्टरवर राहतो व आकडा कमी येतो. फाळके व नेहमीचे सर्व साहित्य जागेवर असावे. कारण 1988 च्या मोटार वाहन कायद्यात रिकाम्या वजनाची व्याख्या नेहमीच्या साहित्यासह केलेली आहे, चालक व मदतनीस यांचे वजन वगळले आहे. त्याच कायद्याच्या कलम 113 प्रमाणे, नोंदणीतील रिकाम्या वजनाहून प्रत्यक्ष गाडी जड असणे हाही दोषच. म्हणून मागाहून लोखंड जोडून फाळके उंच करणाऱ्यांनी सावध असावे. जादा भारासाठी 2019 च्या दुरुस्तीने 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये दंड सांगितला आहे.

शेवटी “पाच टन” म्हणजे काय, तेही विचारावे. कोणी मालाचे वजन सांगतो, कोणी गाडीसकट. दोन गाड्यांची तुलना करावयाची तर दोहोंचे एकूण परवानगीचे वजन आणि दोहोंचे रिकामे वजन कागदावर शेजारी शेजारी लिहावे.

बंधूंनो, ज्ञातीतील मुलगा कर्ज काढीत असेल तर त्याला अवश्य जामीन राहा. एकमेकांस हात द्यावा म्हणूनच हे मंडळ आहे. परंतु सही करण्यापूर्वी त्याला एवढेच म्हणा, “बाळ, आधी दोन्ही काट्यांच्या पावत्या दाखव.” दुकानदार करतो तो धडा आपण गाडीचाही करावा, म्हणजे तोच धडा पुढे नुकसान सोसून शिकावा लागणार नाही.