पगार बाराला, हप्ता पाचला

वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मयापासून अवकाशयानापर्यंत सगळे विषय येऊन जातात. आजचा विषय पासबुकातल्या एका ओळीचा आहे. मशीनमध्ये पासबुक घातले की अनेक पगारदारांच्या खात्यात ती ओळ छापून येते. ‘एनएसीएच रिटर्न’ किंवा ‘ईसीएस रिटर्न’ असे काहीतरी लिहिलेले असते आणि पुढे २९५ हा आकडा असतो. २५० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४५. काही बँकांत हा आकडा याहून मोठा असतो. हप्त्याची तारीख आली तेव्हा खात्यात पैसे नव्हते, हा गुन्हा. पैसे नव्हते कारण पगार झाला नव्हता. पगार का झाला नव्हता, याचा रकाना पासबुकात नसतो.

हिशेब जवळून पाहू. समजा, एका कामगाराचा पगार १६,००० रुपये आहे. दुचाकीच्या कर्जाचा हप्ता ३,२०० रुपये, तारीख ५. पगार एरवी एक-दोन तारखेला होतो. या महिन्यात तो १२ तारखेला झाला. पाच तारखेला वित्त कंपनीने खात्यावर मागणी टाकली, ती परत गेली. बँकेने २९५ लावले, वित्त कंपनीने ‘बाउन्स चार्ज’ म्हणून ५०० लावले. दहा तारखेला कंपनीने तीच मागणी पुन्हा टाकली, तीही परत गेली. पुन्हा २९५, पुन्हा ५००. खात्यात तेव्हा कापायलाही काही नव्हते, म्हणून बँकेने आपली रक्कम येणे म्हणून लावून ठेवली. बारा तारखेला पगार जमा होताच पहिला घास बँकेचा. एकूण १,५९० रुपये गेले. महिन्याचे २६ दिवस धरले तर या माणसाची रोजची हजेरी पडते ६१५ रुपये. म्हणजे अडीच दिवसांहून जास्त मजुरी, कसलीही चूक न करता.

आता याच ३,२०० रुपयांवर सात दिवसांचे व्याज काढून पाहावे. दर साल शेकडा २४ धरला तरी ते पंधरा रुपयांच्या आसपास येते. उशिराची खरी किंमत पंधरा रुपये आणि वसुली १,५९० रुपये! दंड उशिराच्या प्रमाणात नाही, रकमेच्या प्रमाणातही नाही. हप्ता ८०० रुपयांचा असो की २०,००० रुपयांचा, ‘रिटर्न’चे शुल्क बहुधा तेच. त्यामुळे जितका पगार लहान, तितका हा मार मोठा.

ही गोष्ट नवी नाही; फक्त सावकार बदलला आहे. मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पुढचा महिना निम्मा होत आला तरी हातात पडत नसे. खोलीचे भाडे, वाण्याची उधारी आणि गावची मनीऑर्डर तोवर थांबत नसत. कामगार मग व्याजाने पैसे देणाऱ्या पठाणाकडे जाई आणि पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन गिरणीच्या दरवाजावर उभा असे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने कामगारांच्या कर्जबाजारीपणाची सविस्तर पाहणी केली. आपले कामगार नेते ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. वसुलीसाठी कारखान्याला असा वेढा घालून उभे राहणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, अशी शिफारस आयोगाने १९३१ च्या अहवालात केली. पुढे १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत आणि त्याहून मोठ्या ठिकाणी दहाव्या दिवसाच्या आत पगार झालाच पाहिजे, असे त्याने ठरवून दिले.

त्याच कायद्यातले एक कलम आजच्या विषयाला फार जवळचे आहे. गिरण्यांत कामगारांवर वाटेल तसे दंड बसत. कायद्याने त्याला मर्यादा घातली: एका वेतनकाळात दंडाची एकूण रक्कम पगाराच्या ठरावीक हिश्शापलीकडे जाता कामा नये. आज हा हिस्सा तीन टक्के आहे. १६,००० वर तीन टक्के म्हणजे ४८० रुपये. कामगाराने खरोखर कसूर केली तरी मालकाला त्याच्याकडून ४८० रुपयांच्या वर दंड घेता येत नाही. मालकाने कसूर केली तर मात्र त्याच कामगाराचे १,५९० रुपये जातात, आणि ते दंड म्हणून कुठेच नोंदले जात नाहीत.

उशिराच्या भरपाईची कथा तर आणखी मजेशीर आहे. मजेशीर म्हणायचे, कारण दुसरा शब्द व्यासपीठावरून बोलता येत नाही. पगारातून बेकायदा कपात केली तर कपातीच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याची सोय १९३६ च्याच कायद्यात होती. पगार नुसता उशिरा दिला असेल, तर २००५ च्या दुरुस्तीपर्यंत भरपाईची कमाल मर्यादा होती २५ रुपये. दुरुस्तीनंतर ती किमान १,५०० आणि कमाल ३,००० झाली. रोजगार हमीची तऱ्हाही निराळी नव्हती. मनरेगाखाली हजेरीपट बंद झाल्यावर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई ठरली होती. १,५०० रुपयांची मजुरी महिनाभर अडकली, तर हाती पडणार साडेबावीस रुपये. मजुराला उशीर झाला की दंड शेकड्यांत, मजुरीला उशीर झाला की भरपाई पैशांत, असा हा व्यवहार आहे.

आणि उशीर करणारे कोण? फक्त एखादा गाळेवाला कारखानदार असतो असे नाही. फेब्रुवारी २०१९ चा पगार भारत संचार निगमने पावणेदोन लाखांच्या आसपास कर्मचाऱ्यांना वेळेवर दिला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेट एअरवेजची विमाने जमिनीवर बसली. कर्मचाऱ्यांचे पगार त्याआधीच काही महिने रखडत होते. शिक्षकांच्या पगारासाठी आणलेली ‘शालार्थ’ प्रणाली जानेवारी २०१८ मध्ये कोलमडली आणि राज्यभर पगारबिले पुन्हा कागदावर काढावी लागली. हप्ता मात्र संगणकावरच राहिला आणि नेमक्या तारखेला खात्याशी येऊन उभा राहिला.

सगळ्यांत मोठे उदाहरण एसटीचे. टाळेबंदीत गाड्या आगारात उभ्या राहिल्या, तिकिटाचे उत्पन्न आटले आणि २०२० च्या दिवाळीच्या तोंडावर पगार थकले. कर्मचारी कुटुंबासह रस्त्यावर आले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तो एसटीच्या राज्य शासनातील विलीनीकरणासाठीचा संप म्हणून लक्षात राहिला आहे. पण २४ नोव्हेंबर २०२१ रोजी परिवहनमंत्र्यांनी जी पगारवाढ जाहीर केली, तिच्या सोबतच एक आश्वासन होते: पगार दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत होईल आणि त्याची हमी राज्य सरकार घेईल. पगाराची तारीख हा संपातल्या तडजोडीचा भाग व्हावा, यातच सारे आले. त्यानंतरही दहा तारीख उलटल्याच्या तक्रारी कर्मचारी संघटना करत राहिल्या. ज्या चालकाने हप्त्याची तारीख पाच ठेवली होती, त्याला तर दहाला झालेला पगारही उशिराचाच.

इथे एक फरक लक्षात घ्यावा. पगारदारांच्या पतसंस्थेचे कर्ज असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ४९ व्या कलमानुसार हप्ता पगारातूनच कापून संस्थेकडे जातो. पगार लांबला की हप्ताही लांबतो; व्याज थोडे वाढते, पण ‘बाउन्स’ नावाचा प्रकारच उद्भवत नाही. खाजगी वित्त कंपनीच्या कर्जात हप्ता पगाराला नव्हे, तारखेला बांधलेला असतो. पतसंस्थेच्या कचेरीत हेलपाटे घालायला कंटाळणाऱ्या तरुणांनी मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज मंजूर करून घेताना हा फरक ध्यानात घेतलेला नसतो.

ऑगस्ट २०२१ पासून हप्ते खात्यातून परस्पर वसूल करणारी ही एनएसीएच यंत्रणा रविवारी आणि सुटीच्या दिवशीही चालू झाली. पूर्वी पाच तारखेला रविवार आला की एक दिवस श्वास घ्यायला मिळे. आता पगारही सुटीच्या दिवशी जमा होऊ शकतो, असे त्याचे कौतुक झाले. तो होऊ शकतो हे खरे. आस्थापनेतला हिशेबनीस रविवारी कामावर आला तर!

रिझर्व्ह बँकेने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. किमान शिल्लक नसल्याचा दंड लावण्यापूर्वी ग्राहकाला कळवावे, महिन्याची मुदत द्यावी, दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात असावा आणि केवळ या दंडापायी बचत खाते उणे होऊ नये, हे नियम एप्रिल २०१५ पासून आहेत. तरीही २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लक नसल्याबद्दल सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केल्याचे संसदेत सांगण्यात आले. त्यानंतर २०२५ मध्ये अनेक सरकारी बँकांनी हा दंड बंद केला. स्टेट बँकेने तो २०२० मध्येच सोडला होता. कर्जावरच्या दंडाबाबत ऑगस्ट २०२३ चे परिपत्रक आहे. दंड वाजवी असावा, तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावू नये, असे ते सांगते. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, हाही नियम आहे. गिरणीच्या दरवाजावरच्या काठीला निदान वेळापत्रक तरी मिळाले.

परत गेलेल्या मागणीवरचे शुल्क मात्र बँकेच्या मर्जीवर राहिले आहे. त्यावरच्या जीएसटीबद्दलही एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. धनादेश न वटल्याबद्दलचा दंड हा सेवेचा मोबदला नव्हे, म्हणून त्यावर कर लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये केला. मग हप्त्याची इलेक्ट्रॉनिक मागणी परत गेली तर त्यावर ४५ रुपये कसे, असे शाखेला लेखी विचारायला काहीच हरकत नाही.

ज्याच्यावर ही वेळ येते त्याने काय करावे? पगार लांबणार असे कळताच, हप्त्याच्या आधी, कर्ज देणाऱ्या संस्थेला ईमेल करावा आणि त्याची प्रत जपावी. फोनवर बोललेले पुराव्याला उपयोगी पडत नाही. आस्थापनेच्या लेखा विभागाकडून ‘अमुक महिन्याचा पगार अमुक तारखेला जमा झाला’ असे दोन ओळींचे पत्र घ्यावे. ते मिळाले नाही तर पासबुक आहेच. या दोन कागदांवर शाखाधिकाऱ्याकडे शुल्क परत करण्याचा अर्ज द्यावा. खाते एरवी स्वच्छ असेल तर एखाद्या वेळचे शुल्क परत मिळते. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. पगार वारंवार लांबत असेल तर हप्त्याची तारीख पंधराच्या आसपास नेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. त्यासाठी नवे संमतिपत्र भरून द्यावे लागते.

परत गेलेला हप्ता ही टाळाटाळ करण्याची बाब नाही. पैसे नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक मागणी परत जाणे हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या २५ व्या कलमाखाली, न वटलेल्या धनादेशासारखाच, गुन्हा ठरू शकतो. शिवाय जानेवारी २०२५ पासून कर्जखात्यांची माहिती पतमापन संस्थांकडे दर पंधरा दिवसांनी जाते. मालकाच्या उशिराचा डाग असा कामगाराच्या नावावर बसतो, आणि पुढच्या वेळी घरकर्ज मागायला गेल्यावर तो समोर येतो.

पण हे सगळे उपाय म्हणजे मार चुकवण्याच्या युक्त्या झाल्या. हे पैसे भरायचे कोणी, हा मूळ प्रश्न आहे. ज्याने उशीर केला त्याने, हे त्याचे सरळ उत्तर. १९३६ च्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने त्यासाठी थोडी जागा करून दिली आहे. मासिक पगार सात तारखेच्या आत झाला पाहिजे, मग कामगार दहा असोत की दहा हजार. जुन्या कायद्यातली २४,००० रुपयांच्या पगाराची मर्यादा आता नाही. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, नोंदणीकृत संघटनाही तो करू शकते, आणि निश्चित झालेल्या दाव्याच्या दहा पटींपर्यंत भरपाई देता येते. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर आस्थापनेच्या मालकाची जबाबदारी येते. नगरपालिकांच्या आणि रुग्णालयांच्या कंत्राटी सफाई कामगारांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बँकेच्या शुल्काचा उल्लेख मात्र संहितेत कुठे नाही.

तो उल्लेख वेतनकरारात घालता येतो. महागाई भत्ता, गणवेश, धुलाई भत्ता यांवर रात्र-रात्र घासाघीस करणाऱ्या संघटनांनी पुढच्या मसुद्यात एक कलम वाढवावे: पगार ठरलेल्या तारखेनंतर झाल्यास कर्मचाऱ्याला त्यामुळे लागलेले बँकेचे व कर्जसंस्थेचे शुल्क व्यवस्थापन पुढच्या पगारासोबत भरून देईल. वाटाघाटीच्या टेबलावर हे मागताना रक्कम दाखवावी लागेल. तेव्हा आपल्या आगारातल्या, शाळेतल्या, कारखान्यातल्या प्रत्येकाने गेल्या वर्षभरातल्या ‘रिटर्न’च्या नोंदींची झेरॉक्स या महिन्यातच संघटनेच्या चिटणिसाकडे जमा करावी.