स्कॅन नॉर्मल आला, पण...
(मंडळीच्या वार्षिक मेळाव्यात दवाखान्याच्या सिस्टरांनी केलेले भाषण)



हातात कागद धरून बोलते आहे, राग मानू नका. पूर्वी कागदाशिवाय अर्धा तास सहज बोलत असे. आता बोलता बोलता शब्द निसटतो, म्हणून लिहून आणलं आहे. त्याचंच कारण आज सांगायचं आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी अक्कलकुव्याहून मोलगीला येताना देवगोई घाटात आमची मोटारसायकल खडीवरून घसरली. गाडी चालवणाऱ्या भाऊंच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मागे बसलेल्या माझ्या डोक्यावर फक्त पदर. थोडा वेळ मी शुद्धीत नव्हते म्हणे. नंदुरबारला सीटी स्कॅन झाला, नॉर्मल आला. सर्वांनी देवाचे आभार मानले, मीही मानले, आणि दोन आठवड्यांनी कामावर हजर झाले.

पण डोकं काही आधीसारखं झालं नाही. ट्यूबलाइट डोळ्यांत खुपायची. पत्र्यावर पाऊस पडू लागला की उठून कुठेतरी पळावंसं वाटे. दोन माणसं एकदम बोलली तर एकाचंही कळत नसे. कुशीवर वळलं की खोली फिरायची. आणि राग! वसतिगृहातल्या मुली मला बघून दाराआड होऊ लागल्या. घरचे म्हणत, रिपोर्ट तर चांगला आहे ना?

एके दिवशी एका बाळाला तापाचं औषध पाजलं आणि दहा मिनिटांनी पुन्हा चमचा भरला. आई म्हणाली, "बाई, आत्ताच दिलं ना?" मी चमचा खाली ठेवला. त्या दिवशी हे कोणालाही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

त्या रात्री मला एक माणूस आठवला. माझ्या अपघाताच्या आदल्या उन्हाळ्यात आमचूरासाठी कैऱ्या उतरवताना तो आंब्यावरून पडला होता. जखम बरी झाली. नंतर तीन वेळा दवाखान्यात आला : डोकं दुखतं, ऊन सोसत नाही, झोप नाही. मी गोळ्या दिल्या, आणि तिसऱ्या वेळी सर्वांसमोर म्हटलं, "तुला काही झालेलं नाही, काम टाळू नकोस." मुकादमाची उचल अंगावर होती. दिवाळीनंतर तो बारडोलीकडे ऊसतोडीला गेला आणि उन्हात चक्कर येऊन पडू लागला, तेव्हा परत आला. उचल फेडायला बायको आणि मोठी मुलगी तिथेच राहिल्या. मुलगी सातवीत होती.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना चमच्याची गोष्ट सांगितली. ते रागावले नाहीत, समजावलं. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. मेंदूचं काम बिघडलेलं असलं तर ते त्यात दिसेलच असं नाही. बहुतेक माणसं तीन महिन्यांत बरी होतात, काहींचं लांबतं. मी रोज दुखण्याच्या गोळ्या घेत होते. रोजच्या गोळ्यांनीच डोकेदुखी टिकून राहते, हे सिस्टर असून मला सुचलं नव्हतं. चक्कर कानातली होती. डॉक्टरांनी डोकं ठराविक रीतीने वळवलं, आणि दोन वेळा केल्यावर थांबली. अंधाऱ्या खोलीत दिवसच्या दिवस पडून राहण्याचाही उपयोग नव्हता. एकदोन दिवसांची विश्रांती ठीक, पुढे थोडं थोडं चालायचं, काम वाढवायचं, त्रास फार वाढला तर एक पाऊल मागे यायचं. आता मी दमण्याआधीच वीस मिनिटं बसते, आणि औषध दिलं की बाटली खाली ठेवण्याआधी वहीत लिहिते.

(एक गोष्ट मध्येच सांगते. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटका, किंवा नाकाकानातून पाणी वाहणं, यांपैकी काही दिसलं तर थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.)

मग मी त्याच्या पाड्यावर चालत गेले. दारात उभं राहून माफी मागितली. तो काही बोलला नाही. ऊसतोडीहून परतलेली त्याची बायको म्हणाली, "बाई, तुमचं डोकं आपटलं तेव्हा आमचं डोकं तुम्हाला कळलं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याचं आता पुष्कळ बरं आहे. मोहाची दारू सोडली म्हणतो. अगदी सोडली नसावी, पण कमी केली आहे. सकाळच्या गारव्यात शेतात जातो, दुपारी शेळ्या घेऊन सावलीत बसतो. तुम्ही पाठवलेल्या मदतीतून त्याच्या नंदुरबारच्या तीन फेऱ्यांचं भाडं निघालं. डोकेदुखी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आता मी आधी विचारते, कधी पडला होतात का?

मुलगी मात्र अजून शाळेत परतलेली नाही. वसतिगृहात तिची जागा ठेवली आहे. मी दोनदा जाऊन आले. पाऊस ओसरला की पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी तिच्या वर्गातल्या दोघी मुलींना बरोबर नेणार आहे.